घरातली बंदूक, शेतातली बंदूक : वाचकांचे प्रश्न

शस्त्रपरवाना आणि बंदुकीची सुरक्षितता या विषयावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. नावे छापलेली नाहीत. उत्तरे शस्त्र अधिनियम १९५९, त्यातली २०१९ ची दुरुस्ती आणि शस्त्र नियम २०१६ यांना धरून आहेत.

केळीची बाग आहे. रानडुकरं रात्री येऊन खोडं आडवी करतात, कंद उकरतात. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळतो असं ऐकलं. तो काढला की डुक्कर मारता येईल का?
(शेतकरी, ता. रावेर)

नाही. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे सरळमार्गी शेतकरी गुन्ह्यात अडकतात.

पहिली परवानगी बंदूक बाळगण्याची. ती जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी देतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीची सोय आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. रायफल आणि पिस्तूल या सोयीत येत नाहीत.

दुसरी परवानगी जनावर मारण्याची, आणि ती वन खात्याची. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हे दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारीच देऊ शकतो. त्या कागदाशिवाय डुक्कर मारले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. गावात त्याचे वाटे घातले, तर वाटा घेणाराही अडकतो.

मग नुसत्या परवान्याची बंदूक कशासाठी? बार काढून हुसकावण्यासाठी. त्याचा उपयोग होतो, पण थोडे दिवस. डुक्कर आवाजाला सरावते आणि आठवड्याभरात पुन्हा त्याच बांधावरून येते. शिवाय अंधारात केळीच्या ओळींतून काही हललेले दिसते तेव्हा पलीकडच्या मळ्यात पाणी भरणारा माणूसही असू शकतो. आपल्याकडे लाइट रात्रीची, म्हणून पाणी भरणेही रात्रीचे. या एका कारणासाठी आम्ही केळीपट्ट्यात बंदुकीचा सल्ला शेवटी देतो.

आधी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे छोटे झटके सोडणारे यंत्र, लावून पाहा. डुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर हवी, दुसरी ४५ ते ५० वर. बहुतेकांची खालची तार उंच असते आणि डुक्कर नाक खाली घालून निघून जाते. तारेला गवत टेकले की झटका जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात तारेखालचे गवत सतत काढावे लागते. उन्हाळ्यात काळी जमीन सुकून भेगाळली की अर्थिंग कमजोर पडते आणि मशीन टिकटिक करत असूनही जनावराला काही जाणवत नाही. अर्थिंगच्या सळईपाशी पाणी टाकत राहा.

आणि हे कृपा करून घरातल्या प्रत्येकाला सांगा : महावितरणच्या लाइनची वायर थेट कुंपणाला जोडायची नाही. झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देते आणि तो सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता असतो, त्यामुळे माणूस झटकन मागे होतो. घरगुती लाइनचे २३० व्होल्ट अखंड वाहतात, स्नायू आवळतात, पकडलेला हात सुटत नाही. सालदार, शेजारी, स्वतःची पोरं अशाच तारांवर गेली आहेत, आणि अशा मृत्यूत शेतमालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

नुकसान झाले की तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत आडवी झालेली खोडे उचलू नका. सातबारा, नुकसानीचे फोटो आणि बँक पासबुकाची प्रत जवळ ठेवा.

परवान्यासाठी अर्ज करून वर्ष होत आलं. पोलिसांचा अहवाल गेला म्हणतात, तरी कागद हलत नाही. आमचं गाव जंगलाला लागून आहे.
(ता. यावल)

तुमच्या शेवटच्या वाक्यातच बहुधा कारण आहे. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते. यावल अभयारण्य तुमच्या उशाशी आहे. शिरपूरकडे अनेर धरण अभयारण्य आणि चाळीसगावकडे गौताळा औट्रमघाट यांच्या भोवतालच्या गावांनाही हाच नियम. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत लेखी विचारा की वन खात्याकडे पत्र गेले आहे का, गेले असेल तर जावक क्रमांक काय. अंतर मोजताना तालुक्याचे गाव धरू नका, तुमच्या राहत्या जागेपासूनचे धरा.

एरवीचा क्रम असा आहे. नमुना ए-१ मधला अर्ज, ओळख, राहण्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची सोय असल्याचे हमीपत्र. वय २१ पूर्ण हवे. पोलीस ठाण्याने ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हायचा, असे नियम सांगतात. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, पण पाठपुराव्याच्या पत्रात या मुदतींचा उल्लेख करावा.

अर्ज फसतो तो बहुतेक वेळा कारणाच्या रकान्यात. ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही. धमकी आली असेल तर तक्रारीची प्रत, रोकड न्यावी लागत असेल तर व्यवसायाचे कागद, पिकासाठी हवी असेल तर वन खात्याचे जुने पंचनामे जोडा. जमीन किंवा मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. नकार मिळाला तर लेखी कारणे मागा, आणि ३० दिवसांत अपील करा.

आबा गेले. माळ्यावर त्यांची दुनळी बंदूक आणि डबाभर जुनी काडतुसं सापडली. परवान्याचं पुस्तक आहे, पण मुदत कधीच संपली आहे. बंदुकीला गंज चढला आहे, तिचा आता गुन्हा थोडाच होणार?
(ता. अमळनेर)

होऊ शकतो. जुनी, मोडकी शस्त्रे कायद्यातून वगळली आहेत हे खरे, पण दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशीच. गंजलेली दुनळी चांगला कारागीर दोन दिवसांत चालू करतो, त्यामुळे ती बंदूकच धरली जाते. काडतुसांनाही परवाना लागतो. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे आहे.

तुमचा हेतू स्वच्छ आहे, तो कागदावर दिसू द्या. आजच पोलीस ठाण्यात लेखी कळवा : वडीलधारे वारले, घरात अमुक क्रमांकाची बंदूक सापडली, परवाना क्रमांक हा, आम्हाला ती जमा करायची आहे. अर्जाची पोच घ्या. बंदूक मोटारसायकलला बांधून स्वतः नेऊ नका, पोलीस सांगतील तसे करा. ठाण्याऐवजी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही ती जमा ठेवता येते. पावतीवर बंदूक बनवणाऱ्याचे नाव, बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप), नळीवरचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या नीट लिहिली आहे का ते पाहा. पावतीत क्रमांक चुकला, तर पुढे बंदूक परत मिळवताना महिने जातात.

तोवर तिला हात लावण्याविषयी. माळ्यावरची बंदूक रिकामीच असेल असे कधी धरू नका. जुन्या माणसांना भरलेली बंदूक उशाशी ठेवायची सवय असे. तोंड माणसांकडे नाही आणि बोट चापावर नाही, एवढे पाळून ती जिथे आहे तिथे राहू द्या आणि खोली बंद करा. कुणी जाणकार परवानाधारक असेल, तर वरची कळ सरकवून बंदूक मधल्या बिजागरीतून वाकवून उघडायची आणि दोन्ही नळ्यांची काडतुसाची घरे डोळ्याने पाहायची, शिवाय बोट घालून चाचपायची. गंजाने कळ सरकत नसेल तर जोर लावू नका.

‘चालते का बघू’ म्हणून बार तर मुळीच काढू नका. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. बाहेरून ते दिसत नाही. छर्रे त्या मातीवर अडतात, मागचा वायू नळी फाडतो, आणि नळीखाली धरलेला डावा हात जातो. जुन्या कागदी काडतुसांचे वेगळेच : आपल्या पावसाळ्यात ती फुगतात, दारू दमट होते, आणि चाप ओढल्यावर बार लगेच न होता क्षणभराने होतो. बार झाला नाही म्हणून माणूस बंदूक उघडतो, आणि तेवढ्यात तो होतो. म्हणून कुठल्याही बंदुकीचा बार फुसका गेला, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे, मगच उघडायची. डब्यातली जुनी काडतुसे वापरायचा विचारच नको, ती बंदुकीबरोबर जमा करा.

बंदूक ठेवायची असेल तर वारसाने आपल्या नावे नवा परवाना मागायचा, इतर वारसांची ना-हरकत जोडायची. एका माणसाकडे आता जास्तीत जास्त दोन शस्त्रे. पूर्वी तीन चालत. ही मर्यादा वारशाच्या शस्त्रालाही लागू आहे. ठेवायची नसेल तर विक्रेत्यामार्फत विकणे सोपे. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे लक्षात घ्यावे : परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. नंतरची सगळी धावपळ त्याने वाचते.

परवाना महाराष्ट्रापुरता आहे. व्यवसायासाठी सेंधव्याला आणि सुरतेकडे नेहमी जावं लागतं. रिव्हॉल्व्हर सोबत चालेल?
(शिरपूर)

चालणार नाही. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते आणि ते राज्याच्या हद्दीवर संपते. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचा पळासनेरचा नाका ओलांडला की तुमच्याकडे विनापरवाना शस्त्र आहे. नवापूर स्टेशनात तर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, तिथेही तेच. क्षेत्र वाढवून मिळण्यासाठी अर्ज करा, व्यवसायाचे पुरावे जोडा. तो मंजूर होईपर्यंत शस्त्र घरच्या तिजोरीत.

पुतण्याच्या लग्नात वरातीसमोर मामांनी परवान्याच्या पिस्तुलातून हवेत दोन बार काढायचं ठरवलं आहे. परवाना आहे म्हणजे अडचण नाही ना?
(धुळे)

अडचण आहे, आणि मोठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये खास यासाठी पोटकलम घातले. लग्न, मिरवणूक, धार्मिक स्थळ किंवा अन्य समारंभात निष्काळजीपणे बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी जखमी होण्याची गरज नाही. खोटी, नुसत्या आवाजाची काडतुसे असली तरी सार्वजनिक जागी बार काढायला शस्त्र नियमांत मनाई आहे. परवाना रद्द होतो तो वेगळा.

वरातीत घडते कसे ते समजून घ्या. पहिला बार वर जातो. पिस्तूल धक्क्याने मागे येते, पुढची गोळी आपोआप चढते, आणि डीजेच्या आवाजात, गर्दीच्या धक्क्यात हात खाली येताना बोट चापावरच असते. दुसरी गोळी माणसांच्या उंचीवर सुटते. वर गेलेली गोळीही कुठेतरी उतरतेच, गच्चीवर वरात बघणाऱ्या बायकापोरांत. मामांचे पिस्तूल हौसेने दुसऱ्याच्या हातात गेले, तर विनापरवाना माणसाला शस्त्र दिल्याचा गुन्हा आणखी.

घरातल्या मोठ्या माणसाने हळदीच्या आधीच मामांशी बोलावे. पिस्तूल लग्नघरी येताच कामा नये. लग्नघरात कपाटे उघडी असतात, पाहुण्यांची मुले प्रत्येक खोलीत शिरतात.

इथेच पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम सांगून ठेवतो, कारण यात होणारी चूक जीवघेणी आहे. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढायचे. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून नळीतली गोळी बाहेर पाडायची. मग डोळ्याने पाहायचे. क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी नळीत चढते. माणूस नंतर मॅगझिन काढतो आणि रिकामे समजून चाप दाबून बघतो. साफसफाई करताना ‘चुकून’ गोळी सुटल्याच्या बातम्यांमागे पुष्कळदा हेच असते.

मुलाच्या मोबाइलमध्ये कट्टा (गावठी पिस्तूल) हातात धरलेले फोटो दिसले. मित्राचा आहे म्हणतो. काय करावं सुचत नाही.
(आई, ता. चोपडा)

ताई, तुम्ही पत्र लिहिलेत हे बरे केलेत. सातपुड्यापलीकडून गावठी कट्टे आपल्या भागात येतात, हे पोलिसांच्या कारवायांतून वारंवार दिसते, आणि पकडल्या जाणाऱ्यांत कोवळी पोरे फार असतात.

मुलाला दोन गोष्टी समजावून सांगा. पहिली : कट्टा आपला नव्हता, फोटोपुरता हातात घेतला, हा बचाव तोकडा पडतो. विनापरवाना शस्त्र ताब्यात असणे हाच गुन्हा आहे आणि फोटो हा त्याचा पुरावा बनतो. दुसरी : कारखान्यातल्या बंदुकीची नळी जास्तीच्या दाबाचे काडतूस उडवून तपासलेली असते आणि तसा ठसा तिच्यावर असतो. कट्ट्याची कुणीही तपासणी केलेली नसते. नळी फुटते, मागचा भाग निखळून तोंडावर येतो, आणि खिशात असताना नुसत्या आपटण्यानेही बार होतो.

घरात कट्टा सापडला तर त्याला हात लावू नका, नदीत किंवा विहिरीत टाकू नका. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वर लागतो, शिवाय तो दुसऱ्या कुणाला सापडतो. विश्वासातल्या वकिलाला सोबत घेऊन त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. मित्राकडे असेल आणि कुणाला धोका दिसत असेल, तर ११२ वर कळवा. मुलाशी बोलताना त्याच्या भांडणाचे किंवा भीतीचे मूळ विचारा. पोरे कट्टा मिरवायला घेतात तशी कुणाच्या धाकानेही घेतात, आणि धाक असेल तर त्याची तक्रार वेगळी द्यावी लागेल.

सराफी दुकान आहे. बंदूक माझ्या नावावर, दारात वॉचमन उभा असतो. तो ती वापरू शकतो?
(जळगाव)

परवान्यात त्याचे नाव रिटेनर, म्हणजे परवानाधारकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा माणूस, म्हणून नोंदवलेले असेल तरच. माणूस बदलला आणि नोंद बदलली नाही, ही चूक बाजारपेठेत सर्रास होते. नव्या माणसाची पोलीस पडताळणी आणि नोंद होईपर्यंत त्याच्या हाती लाठी द्या. बंदूक दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला पाठवायची असेल, तर तुमचे लेखी पत्र घेऊन दुसरा माणूस नेऊ शकतो, एवढीच सूट आहे. सराफ बाजारासारख्या गर्दीत बंदूक मांडीवर आडवी ठेवून बसणे बंद करा. तिचे तोंड दिवसभर गिऱ्हाइकांच्या पोटाकडे असते.

निवडणूक आली की पोलीस बंदूक जमा करायला सांगतात. सर्वांनाच सक्ती असते का?
(भुसावळ)

सरसकट नाही. जिल्ह्याची छाननी समिती एकेक परवाना पाहते. जामिनावर असलेले, गुन्ह्याचा पूर्वेतिहास असलेले, आधी दंग्यात नाव आलेले, अशांची शस्त्रे प्रामुख्याने जमा होतात. बँकांचे सुरक्षारक्षक आणि राष्ट्रीय पातळीवरचे नेमबाज यांना सहसा सूट असते. तुम्हाला लेखी आदेश आला आणि तुमची खरी अडचण असेल, तर समितीकडे लगेच अर्ज द्या. फोनवर वाद घालून काही होत नाही. शस्त्र देताना तेल लावून, कोरडे करून, पिशवीवर नाव लिहून द्या. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ओल असते. निकालानंतर आठवड्याभराने ते परत मिळते.

या काळात परवान्याची मुदत संपत असेल तर इकडे दुर्लक्ष होते. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधी द्यायचा असतो. शस्त्र ठाण्यात पडून असले तरी ही मुदत थांबत नाही.

वाढदिवसाला तलवारीने केक कापला म्हणून गावातल्या पोरांवर गुन्हा झाला. मग शेतातल्या कोयत्याचं काय?
(नंदुरबार)

केवळ शेतीच्या आणि घरच्या कामासाठी बनवलेली हत्यारे कायद्याच्या व्याख्येतून वगळली आहेत. ऊस तोडायला कोयता नेणाऱ्याला कुणी अडवणार नाही. तोच कोयता मिरवणुकीत नाचवला तर हे संरक्षण राहत नाही. पात्याची लांबी ९ इंचांहून अधिक किंवा रुंदी २ इंचांहून अधिक असलेली धारदार शस्त्रे मनाई असलेल्या भागात बाळगली की कलम ४ आणि २५ लागते. शिवाय सणासुदीला पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात, त्यांत लाठ्याकाठ्याही येतात. तलवारीसोबतचा रील तर मुलेच स्वतःहून पुरवतात.

पपईवर पोपट फार. एअरगन विनापरवाना मिळते म्हणतात, घ्यावी का?
(ता. शहादा)

४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअरगन विनापरवाना मिळते, दुकानदार ओळखपत्र पाहून नोंद करतो. पण पोपट संरक्षित पक्षी आहे, त्याला मारणे म्हणजे वन्यजीव गुन्हा. शिवाय एवढ्या ताकदीचा छर्राही जवळून डोळा फोडतो आणि पपईच्या बागेत तोडणीला मजूर असतात. फळ रंग धरायच्या आधी जाळी टाका किंवा घडाला कागदी पिशवी बांधा, आणि पहाटे व दिवे लागणीच्या वेळी, म्हणजे पोपटांच्या दोन्ही फेऱ्यांना, बागेत एक माणूस डबा वाजवायला ठेवा.